थोरल्या बुवांचा ओपनर

"...मग त्याच्यात असं काय बघितलंत, बुवा?"

शिदोजीनं हे विचारलं ते उंबऱ्यात उभं राहून. खांद्याला पिशवी होती. आत यायचं की तिथूनच मागे वळायचं, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

रावजीबुवा घोंगडीवर बसून पायाचा अंगठा चोळत होते.

"कुणात?"

"कुणात काय! हणमंतात."

"हां. हणमंतात..."

एवढं बोलून बुवा पुन्हा अंगठ्याकडे वळले.

बाहेर अंगणात माणसं जमत होती. थोरल्या बुवांची पुण्यतिथी होती. एरवी अशा दिवशी चुलीवर खीर चढलेली असते आणि बायका फुलं ओवत असतात. आज मात्र सगळा मठ वाकून वाकून ओपनर शोधत होता.

हे जरा नीट सांगायला हवं. एका ओपनरपायी अंगण डोक्यावर घेणारी माणसं दुसरीकडे कुठे सापडतील असं मला वाटत नाही.

बोरखिंडीच्या पायथ्याला हा मठ आहे. लोक त्याला सोड्याचा मठ म्हणतात. थोरले बुवा, म्हणजे रावजीबुवांचे गुरू, तरुणपणी सोडा वॉटरचा कारखाना चालवायचे. कारखाना म्हणजे एक खोली आणि हातानं फिरवायचं एक यंत्र. पुढे त्यांना वैराग्य आलं, पण सोड्याची आवड काही गेली नाही. त्याच खोलीत त्यांनी देवाची तसबीर मांडली आणि तीर्थ म्हणून येणाऱ्याच्या तळहातावर घोटभर सोडा घालायला लागले. ती रीत पडली ती पडलीच. दर गुरुवारी आरती झाली की सगळ्यांसमोर बाटली फोडायची आणि घोट घोट वाटायचा. ज्यांना पंचामृतच लागतं ते दुसऱ्या देवाला जातात.

बाटली फोडायचा मान एकाचाच. ज्याच्याकडे थोरल्या बुवांचा ओपनर, त्याचा.

ओपनर वीतभर लांब, ओतीव लोखंडाचा. एका टोकाला बाटलीच्या पत्र्याच्या बुचात अडकवायचा दात, दुसऱ्या टोकाला डबे फोडायचं पातं आणि मध्ये बैलाचं डोकं. हाताळून हाताळून बैलाची शिंगं गुळगुळीत झालेली. लष्करातल्या कुणा खानसाम्यानं तो थोरल्या बुवांना दिला होता. पुण्यतिथीच्या खिरीला दुधाचे डबे यायचे, त्यांना त्याच पात्यानं समोरासमोर दोन भोकं पाडायची. एकातून दूध येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडलं तर डबा नुसता ठिबकत बसतो.

आता असले ओपनर राहिले नाहीत. बाटलीचं झाकण हातानं पिळलं की निघतं. डब्याला कडी असते, ती ओढली की झालं. कुणाला कुणाकडे जावं लागत नाही. पूर्वी दुकानाच्या फळीला सुतळीनं ओपनर बांधलेला असायचा. दुकानदार तो ओळीनं मांडलेल्या बाटल्यांवरून टर्रर्र करून फिरवायचा आणि नुसत्या आवाजानं रस्त्यावरच्या माणसाला तहान लागायची. बांधून ठेवायचं कारण एवढंच की लोक तो पळवायचे.

शिदोजीनंही पळवला होता.

काल दुपारी बुवा आडवे झाले असताना त्यानं तो खुंटीवरून काढून घेतला. आता तो खांद्यावरच्या पिशवीत होता, धुतलेल्या धोतराच्या घडीत.

"बुवा, मी इतकी वर्षं बाटली फोडली," शिदोजी म्हणाला. "कधी बूच वाकडं गेलं?"

"न्हाई."

"कधी काच टवकली?"

"न्हाई बाबा."

"कधी कुणाच्या अंगावर उडालं?"

"कधीच न्हाई. एक थेंब सांडला न्हाई तुझ्या हातनं."

"तेच तर म्हणतोय मी!"

"मीबी तेच म्हणतोय."

बुवांनी आपल्याला मान दिला की टोला, हे शिदोजीला कळेना.

शिदोजी मूळचा तालुक्याच्या गावचा शिंपी. हात सुबक. बाटली फोडण्याआधी तो ती ओल्या फडक्यात गुंडाळून थंड करायचा. मग दात बुचाखाली अलगद सरकवायचा आणि कान देऊन ऐकायचा. आतला वारा बारीक सुस्कारा टाकून निघून गेला की मग बूच उचलायचा. फेस तोंडापर्यंत यायचा आणि तिथंच थांबायचा. बघणारे माना डोलवायचे. बूच वाकवायचं नाही, असा त्याचा नेम होता. ती सगळी बुचं त्यानं तसबिरीच्या चौकटीला ओळीनं ठोकली होती आणि अजून ती नव्यासारखी दिसत.

आणि हणमंत? तो लग्नाच्या बँडात मोठा ढोल बडवायचा. बायको गेली, ढोल विकला आणि एक दिवस मठाच्या पायरीवर येऊन बसला. हात म्हणजे फावडी. पेला धरला तरी बघणाऱ्याला काळजी वाटावी. येऊन पुरता पावसाळा उलटला नव्हता आणि एका गुरुवारी आरतीनंतर शिदोजीनं हात पुढे केला, तर बुवांनी ओपनर त्याच्या अंगावरून पलीकडे हणमंताला दिला. सगळ्यांच्या देखत.

शिदोजीचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यानं तो उगाच डोक्याला लावला.

त्या दिवशी हणमंतानं बाटली आधी दोन्ही हातांनी छातीशी धरून हलवली. बहुतेक नमस्कार करत होता. मग बुचाला असा काही हिसडा दिला की बूच उडून थेट बुवांच्या कपाळावर बसलं आणि निम्मी बाटली पुढच्या रांगेवर गेली. पोरं किंचाळली. आणि बुवा हसले. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. पाणी आणून द्यायला शिदोजीच धावला.

तांब्या पुढे करताना तो बुवांच्या तोंडाकडे बघत होता. इतकी वर्षं सेवा केली, पण असलं हसू त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जी आग पडली ती विझेना. हणमंताच्या ताटात करपलेली भाकरी पडली तरी बुवांनी मुद्दाम खरपूस दिली असं त्याला वाटायचं. बुवा त्याला 'हणम्या' म्हणायचे. शिदोजीला कधी 'शिद्या' म्हणाले नव्हते. खरं तर कुणी शिद्या म्हटलं असतं तर शिदोजीनं महिनाभर अबोला धरला असता. पण मत्सराला असला हिशेब कुठे कळतो?

"त्याला बाटली उघडतासुद्धा येत नाही," शिदोजी म्हणाला.

"न्हाईच येत."

"मग?"

बुवांनी अंगठा सोडला. वर बघितलं. पिशवीकडे बघितलं.

"कुटं निघालास?"

"जातो. मशीन पडलंय घरी. कपडे शिवीन."

"बरं." बुवांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं. "जाताजाता एक बाटली फोडून दे. तहान लागलीया."

शिदोजीनं पिशवी पाठीमागे सारली.

"ओपनर... हरवलाय ना."

"व्हय की," बुवा म्हणाले. "इसरलोच."

बाहेर कुणीतरी गोठ्यातला कडबा उपसत होतं.

शिदोजीनं पेटीतून एक बाटली उचलली. दाराजवळ गेला. बुचाची कड कोयंड्यावर टेकवली, कान लावला आणि तळव्यानं एकच हलकी थाप दिली. बारीक सुस्कारा आला. बूच त्याच्या मुठीत पडलं. थेंब सांडला नाही. आपल्याच करामतीवर तो एवढ्यातही थोडा खूश झाला आणि त्यानं बाटली बुवांपुढे ठेवली.

बुवांनी बाटलीला हात लावला नाही.

"वा," ते म्हणाले. "बिन ओपनरची फोडलीस."

"येतं मला."

"मग तो नेतोस कशाला?"

...

शिदोजीला एकदा वाटलं, काय नेतो म्हणून विचारावं. एकदा वाटलं, पळत सुटावं. त्यानं पिशवीचा बंद घट्ट धरला.

मग जे आत दाबून ठेवलं होतं ते एकदम बाहेर आलं.

"त्याच्या हातात बघवत नाही मला! नाही बघवत, बुवा. पोटात दुखतं. त्याला धड धरता येत नाही आणि तुम्ही त्याच्याकडे बघून हसता. मी सोसेन सगळं, पण ते हसणं नाही सोसत."

"हं."

"लहानपणापासून माझं हेच आहे. आमच्या दुकानासमोर सोड्याचं दुकान होतं. दुकानदाराचा पोरगा होता, रंगनाथ. माझ्याच वयाचा. त्याचा बाप त्याला ओपनर द्यायचा आणि तो सगळ्यांच्या बाटल्या फोडायचा. आम्ही खाली पडलेली बुचं वेचायचो. आतली मऊ चकती काढायची, सदऱ्याच्या आतून लावायची आणि बाहेरून पत्रा दाबून बसवायचा. बिल्ला व्हायचा. माझी छाती भरलेली असायची बिल्ल्यांनी. पण ओपनर... तो एकदा म्हणून हातात दिला नाही त्यानं. मी रात्री अंथरुणात मुठीत काल्पनिक ओपनर धरून झोपायचो. रंगनाथला ताप आला की मला बरं वाटायचं."

बोलून झाल्यावर शिदोजीला लाज वाटली. एवढं तो कधी कुणाशी बोलला नव्हता.

बुवा हसले नाहीत.

"म्हायतीय मला," ते म्हणाले.

"कसं?"

"तू पैल्यांदा आलास त्या दिवशी देवाकडं बघितलं न्हाईस. खुंटीकडं बघत व्हतास."

शिदोजीनं मान खाली घातली.

"म्हणून तर दिला तुला," बुवा म्हणाले. "म्हटलं, कवाचं भुकेलेलं हाय. खाऊ दे पोटभर. ...भरलं का रं?"

शिदोजी विचारात पडला. हो म्हणावं असं फार वाटत होतं.

"नाही."

"इतकी वर्सं हातात हुता तरी?"

"हातात होता तेव्हा..." शिदोजी अडखळला. "तेव्हा भीती वाटायची. कुणी नवीन माणूस आला की आधी त्याचे हात बघायचो."

बुवांनी मान हलवली. मग बऱ्याच वेळानं, जणू दुसरंच काही आठवलं म्हणून, विचारलं,

"चंद्राक्का म्होरं बसती. बघितली हाईस न्हवं?"

चंद्राक्का म्हणजे खिंडीच्या पलीकडून येणारी एक म्हातारी. थोरल्या बुवांच्या वेळेपासून दर गुरुवारी येते. जागा ठरलेली, पुढच्या रांगेत मधोमध.

"दर गुरुवारी बघतो," शिदोजी म्हणाला. "बाटली फोडायच्या वेळी डोळे मिटून, तोंड वर करून बसतात. फार भक्ती त्यांची."

"भक्ती कसली. फेसाला बसती."

"फेसाला?"

"थोरल्या बुवांची बाटली कधी नीट फुटली न्हाई. गोटीची बाटली. दाबली की फस्सकन निम्मी म्होरल्यांच्या अंगावर. लोकं भांडायची म्होरं बसायला. आजारी पोरं आणून बसवायची. तोंडावर फेस आला की हसत घरी जायची. त्येच तीर्थ हुतं. तळहातावर द्यायचं ते उरलंसुरलं."

शिदोजी बुवांकडे नुसता बघत राहिला.

"मग बुचाच्या बाटल्या आल्या, तुझ्याकडं ओपनर आला," बुवा म्हणाले, "आन् म्होरली रांग कोरडी झाली. लोकांनी एक दोन वर्सं वाट बघितली. मग इसरली. चंद्राक्का तेवढी इसरली न्हाई. दर गुरुवारी तोंड वर करून बसायची. मग डोळं उघडायची आन् पदरानं तोंड पुसायची."

शिदोजीला तो पदर आठवला. गुरुवारमागून गुरुवार त्यानं तो बघितला होता. त्याला वाटायचं, म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येतं. आपण किती सुंदर बाटली फोडली म्हणून येतं, असंही एखाद्या वेळी वाटून गेलं होतं.

"कोरडंच तोंड पुसायच्या?"

"कोरडंच."

"मला सांगितलं का नाहीत, बुवा?"

"सांगितलं असतं, तर मापून सांडलं असतंस."

शिदोजी खाली बसला. घोंगडीच्या कडेलाच बसला. पिशवी मांडीवर घेतली, बंद सोडला, धोतराची घडी उलगडली. ओपनर काढून त्यानं घोंगडीवर बुवांसमोर ठेवला. बैलाचं डोकं वर आलं.

एवढ्यात अंगणातून धपधप पावलं आली आणि हणमंत दारात उभा राहिला.

काय अवतार होता! गुडघ्यापर्यंत शेण, केसांत कडबा, कोपरं खरचटलेली. डोळे रडून लाल.

"बुवा, मला हाकला," तो म्हणाला. "थोरल्या बुवांची वस्तू माज्या हातनं गेली. सगळा उकिरडा उपसला. हिरीत उतरून बगितलं. न्हाई घावत. शिदूदादांकडं इतकी वर्सं हुता, कधी जाग्यावरनं हालला न्हाई. आन् माज्याकडं आला तर..."

मग त्याची नजर घोंगडीवर गेली.

हणमंताचं तोंड उघडं राहिलं. त्यानं ओपनरकडे बघितलं, उघड्या पिशवीकडे बघितलं, शिदोजीकडे बघितलं.

"घावला!" हणमंत ओरडला. "शिदूदादा, तुमाला घावला!"

आणि त्यानं शिदोजीचे पायच धरले.

"अरे... ऐक..."

"मला वाटलंच हुतं! म्हटलं, दादा दिसत न्हाईत, म्हंजी दादा शोधायला गेल्यात! तुमच्यावाचून कुनाला घावनार?"

"हणमंता, मी शोधला नाही. मी..."

हणमंताला काही ऐकू येत नव्हतं. त्यानं शेणाच्या हातांनी ओपनर उचलला, सदऱ्याला पुसला, कपाळाला लावला आणि शिदोजीच्या मुठीत कोंबला.

"आज तुमीच फोडायची. ज्याला घावला त्याचा मान. मी सांगतो समद्यांस्नी."

आणि ढोलासारखा आवाज काढत तो बाहेर धावला. "घावला रं! शिदूदादांनी शोधला!"

अंगणात एकच गलका उठला. कुणी घंटा बडवली. कुणी शिदोजीच्या नावानं हाका मारायला लागलं.

शिदोजी मुठीतल्या ओपनरकडे बघत होता. जे हवं होतं ते सगळं परत आलं होतं. ओपनर आला होता, मान आला होता, वर त्या माणसानं पायही धरले होते. ज्याचा इतके दिवस राग राग केला, त्याच्या मनात आपल्याविषयी एवढासा आकस नव्हता. शिदोजीला आता त्याचाही हेवा वाटला. उकिरडा उपसून आलेल्या माणसाचं ते स्वच्छ तोंड आपल्याला का मिळालं नाही, असं त्याला वाटलं.

"बुवा," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही सांगा त्याला."

"काय सांगू?"

"ओपनर कुठे होता ते."

"मला काय ठावं? मी दुपारी झोपलो हुतो."

"बुवा..."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. तसबिरीखाली फुलांमध्ये एक बाटली ठेवलेली होती. हिरव्या काचेची, गळ्याशी चिमटा घेतल्यासारखी, आत गोटी. तालुक्याच्या बाजारात एक जण अजून असल्या बाटल्या भरतो. पुण्यतिथीला थोरल्या बुवांपुढे एक ठेवायची रीत आहे. ती कुणी फोडत नाही. दुसऱ्या दिवशी तशीच परत जाते.

बुवांनी ती उचलली.

"आज ही फोड."

शिदोजीनं नकळत ओपनर पुढे केला.

"हिला त्यो चालत न्हाई," बुवा म्हणाले. "हिला बूच कुटाय?"

शिदोजीनं बाटलीच्या तोंडाकडे बघितलं. गोटी आतून तोंडाशी घट्ट बसली होती.

"बूच नसतं हिला."

"मग बंद कुणी केली?"

"कुणी नाही. आतला वारा गोटीला वर रेटून धरतो."

"आन् उघडायची कशी?"

"अंगठ्यानं. गोटी आत दाबायची."

"बरं," बुवा म्हणाले. "मला वाटलं, तुला ठाऊक नसंल."

शिदोजीनं ओपनर घोंगडीवर ठेवला. बैलाचं डोकं भिंतीकडे वळलं. त्यानं दोन्ही हातांनी बाटली घेतली आणि उंबरा ओलांडला.

अंगण गच्च भरलं होतं. हणमंत पुढे उभा राहून, ओपनर कसा घावला असेल याची आपल्या मनाची गोष्ट सगळ्यांना सांगत होता. त्या गोष्टीत शिदोजी अनवाणी रानातून हिंडत होता. शिदोजी दिसला तशी माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी त्याच्या नावाचा जयजयकारही केला.

चंद्राक्का तेवढी उठली नाही. तिला बाटली दिसली होती. हिरवी, गळ्यात गोटी असलेली. ती सावरून बसली. डोक्यावरचा पदर मागे घेतला, डोळे मिटले आणि तोंड वर केलं.

शिदोजीचे पाय तिथंच थांबले.

आता बोलायला हवं होतं. बाटली फुटायच्या आधी बोलायला हवं होतं, एवढं त्याला कळत होतं. मी शोधला नाही, मी चोरला. एवढंच तर सांगायचं होतं. अंगठा गोटीवर टेकला होता आणि हात असा कापत होता की बाटलीतलं पाणी नुसतं खळबळत होतं. आत बुडबुडे उसळून गोटीला धडका देत होते.

गलका थांबला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हणमंतही बोलायचा थांबला.

शिदोजीनं मागे वळून बघितलं. रावजीबुवा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"बुवा..." तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी आधी सगळं सांगतो यांना. मग फोडतो."

बुवा बाटलीकडे बघत होते.

"पण हात थरथरतोय, बुवा. बाटली पार ढवळून निघाली. आता दाबली तर... सगळ्यांच्या अंगावर जाईल."

"जाऊ दे की," रावजीबुवा म्हणाले. "कवाधरनं कोरडी बसल्यात."